टपावरची बाज

जीपच्या टपावर कॅरिअर बसवायचं हे आमच्या घरात ठरलं ते मोबाइलवरच्या व्हिडिओमुळं. आम्ही किन्हीराजाजवळच्या एका वस्तीवर राहतो. वांगी, मेथी, पालक, सांबार असा भाजीपाला काढतो आणि आमच्या मालेगावच्या (नाशिककडच्या नव्हे) नाहीतर मंगरूळपीरच्या बाजारात नेऊन विकतो. सांबार म्हणजे कोथिंबीर. बाहेरच्या पाहुण्याला आमच्याकडं हे एकदा सांगावंच लागतं, नाहीतर तो इडलीची वाट पाहत बसतो. जीप त्याच कामासाठी घेतलेली, जुनी. तिच्यात कोणीही बसलं तरी उतरताना अंगाला मेथीचा वास येतो.

माझ्या नवऱ्याला संध्याकाळी हातपाय धुऊन झाल्यावर एक नाद लागला होता. कोणीतरी तरुण पोरगा आपली गाडी घेऊन डोंगर, नद्या, वाळवंट असा एकटाच फिरतो, गाडीतच झोपतो, गाडीच्या दाराशी भात शिजवतो, आणि हे सगळं लोकांना दाखवतो. नवरा ते पाहता पाहता भाकरी गार करायचा. एक दिवस त्या पोरानं कच्छचं रण दाखवलं. नजर जाईल तिथवर पांढरं मीठ. नवऱ्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला आणि म्हणाला की आपण इथं जायचं, आपल्या जीपनं, हॉटेलात न राहता. मी विचारलं, झोपायचं कुठं? तो म्हणाला, जीपमध्ये, मागची सीटं आडवी करून. मग सामान कुठं? तेव्हा त्यानं व्हिडिओ थांबवून त्या पोराच्या गाडीच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथं काळं, नाजूक, विमानाच्या भागासारखं एक कॅरिअर होतं आणि त्यावर पेट्या, पाण्याची कॅन, फावडं असं सगळं शिस्तीत बांधलेलं होतं.

मला ते फावडं आवडलं. फावडं तर आपल्याकडंही आहे, म्हणजे निम्मी तयारी झालीच, असं मी म्हणाले. त्याला तो होकार वाटला.

पहिलं कॅरिअर त्यानं मोबाइलवरूनच मागवलं. ते आलं तेव्हा खोक्याभोवती अर्धी वस्ती जमली. आत हलकी हलकी ॲल्युमिनिअमची नळकांडी आणि एका पिशवीत खूप स्क्रू होते. नवरा टपावर चढून दुपारभर ती नळकांडी फिरवत होता. शेवटी कळलं की हे कॅरिअर ज्या गाड्यांच्या टपाला आधीपासून दोन उभ्या पट्ट्या असतात त्यांच्यासाठी आहे. आमच्या जीपला पट्ट्या नव्हत्या. दाराच्या वरच्या बाजूला पावसाचं पाणी वाहून जायला एक पन्हाळ होती, तेवढीच. नळकांडी पुन्हा खोक्यात गेली आणि खोकं आलं तसं परत गेलं. एक स्क्रू मात्र मागं राहिला. तो खिडकीत पडलेला पाहून नवऱ्याला दर वेळी वाईट वाटायचं, म्हणून मी तो फेकून दिला.

मग आम्ही मंगरूळपीरला एका वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्याचं काम मुख्यतः बंगल्यांची गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या. गाडीचं कॅरिअर त्यानं आजवर केलेलं नव्हतं, पण हे त्याला अडचणीचं वाटलं नाही. जीपभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "दादा, टप मनजे गच्चीच. गच्चीले जसं रेलिंग, तसं गाडीले कॅरिअर." नवऱ्यानं त्याला व्हिडिओ दाखवला. त्यानं तो शेवटपर्यंत पाहिला, रणाचं कौतुक केलं, आणि असला नाजूक माल आपल्या रस्त्यांवर टिकत नाही असं सांगून टाकलं. नवऱ्याला ते पटलं. मजबूत या शब्दावर त्याचा जीव आहे. घरातली प्रत्येक वस्तू तो मजबूत आहे का ते पाहून घेतो, त्यामुळं आमच्याकडं दोन माणसांनी उचलावी लागणारी स्वयंपाकघरातली शिडी आहे.

आठवड्यानं कॅरिअर घ्यायला गेलो तर ते दुकानासमोर भिंतीला टेकून उभं होतं. चौकोनी जाड पाइप, आडव्या सळया, चारी बाजूंनी उभे गज आणि प्रत्येक गजाच्या टोकाला भाला. गेटाला असतात तसे भाले. भाल्यांना सोनेरी रंग आणि समोरच्या बाजूला पत्र्यातून कापलेलं शुभ लाभ. मी विचारलं, "भाऊ, भाले कायले लावले?"

"वहिनी, कोणी वर चढून सामान चोरन त्याले आडकन."

त्याचा चेहरा इतका समाधानी होता की मी शुभ लाभ छान झालंय म्हणाले. आम्ही जीपमध्ये बसलो आणि चार माणसांनी मिळून ते गेट, म्हणजे ते कॅरिअर, जीपवर चढवलं. ठेवल्या ठेवल्या टपातून एक आवाज आला, भरल्या पोटी माणूस खाली बसताना करतो तसा. मग लक्षात आलं की माझ्या बाजूचं दार उघडत नाही. टप दबून दाराच्या चौकटीवर बसला होता. नवरा त्याच्या बाजूनं उतरला, मीही त्याच्याच बाजूनं उतरले, आणि वेल्डिंगवाल्यानं टपाकडं बघत मान हलवली. त्याच्या मते चूक जीपची होती; हल्ली पत्रा पातळ येतो. जीप आमच्या लग्नाच्या आधीची आहे हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

ते कॅरिअर त्याच दिवशी खाली उतरलं. नंतर ते एका बंगल्याच्या कंपाउंडला लागलं, आणि खरं सांगायचं तर तिथं शोभून दिसतं. आमच्यासाठी त्यानं दुसरं बनवलं. या वेळी मी रोज फोन करत होते. गोल, हलका पाइप. भाले नाहीत. उंची वीतभर. पन्हाळीला घट्ट पकडणारे सहा पाय, आणि प्रत्येक पायाखाली जुन्या ट्यूबचा रबर, म्हणजे पत्रा घासू नये. वजन सहाही पायांत वाटलं गेलं, दारं उघडली, टप वर आला. शुभ लाभ मात्र त्यानं न विचारता पुन्हा लावलं होतं. ते राहू दिलं.

आता प्रश्न सुटला असं आम्हाला वाटलं. त्याच संध्याकाळी मामाजींनी विचारलं की जाऊन कुठं राह्यले. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाजीच म्हणतात. सत्तरी ओलांडलेले, काटक, पाठीच्या मणक्यानं त्रासलेले आणि वावर सोडून कुठंही न जाणारे. लग्नकार्यालाही जेवण झालं की परत निघतात. नवऱ्यानं त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून सगळं पाहिलं आणि विचारलं, "अथी पेरतेत काय?"

"काहीच नाई बाबा. मीठ हाय निरं."

"काहीच उगवत नाई?"

"गवताची काडी नाई."

मामाजींनी मोबाइल नवऱ्याच्या हातात परत दिला. मग म्हणाले की मी पण येतो. आयुष्यभर जमिनीतून काही ना काही काढत आलो, न पेरलं तरी तण तरी येतं. ज्या वावरात काहीच उगवत नाही ते एकदा डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. त्यांनी स्वतःहून कुठं यायचं म्हटलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

"पन माई बाज घ्या लागन," ते म्हणाले.

बाज म्हणजे सुतळीनं विणलेली त्यांची लाकडी खाट. ती त्यांनीच विणलेली, त्यांच्या पाठीच्या मापानं. डॉक्टरांनी गादी सांगितली, ती मांजराला गेली. पाठ टेकवायची तर बाजेवरच. नवऱ्यानं त्यांना समजावलं की जीपमध्ये जागा नाही, हॉटेलात पलंग असतो, आपण एखादी घडीची खाट घेऊ. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ते वरचं कायले बनवलं?"

नवरा टेप घेऊन बाज मोजायला गेला.

संक्रांतीच्या आधी, हरभरा फुलात असताना, धाकट्या दिराच्या हाती भाजीपाला सोपवून आम्ही निघालो. टपावर एक पत्र्याची पेटी, पाण्याची कॅन, गॅसची छोटी शेगडी, फावडं, आणि या सगळ्यावर पाय आभाळाकडं करून उलटी ठेवलेली बाज. नवऱ्यानं ताडपत्री टाकून दोर आवळले. दुरून बघणाऱ्याला जीपच्या डोक्यावर म्हैस मरून पडल्यासारखं दिसत असावं. हे मी बोलून दाखवलं नाही, पण मामाजींनीच म्हटलं.

वस्तीपासून थोड्याच अंतरावर आमचा रस्ता रेल्वेच्या पुलाखालून जातो. उंच ट्रक तिथं घुसू नयेत म्हणून पुलाच्या अलीकडं एक आडवा लोखंडी गर्डर लावलेला आहे. या रस्त्यानं आम्ही जन्मभर गेलो, पण त्या गर्डरकडं मान वर करून कोणी पाहिलं नव्हतं, कारण तो आमच्यासाठी नव्हता. त्या दिवशी तो आमच्यासाठी झाला. धाड असा आवाज आला, जीप थांबली, आणि बाजेचे दोन पाय गर्डरमध्ये अडकले. नवऱ्यानं मागं घ्यायला पाहिलं तर बाजेसकट गर्डर हलायला लागला. दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या. बाजाराला निघालेले ओळखीचे लोक उतरून आले, आणि प्रत्येकानं पहिला प्रश्न हाच विचारला की बाज घेऊन चालले कुठं. नवरा टपावर चढून दोर सोडत होता. मी लोकांना सांगत होते की कच्छला, गुजरातेत, मीठ पाहायला. एका बाईनं कळवळून विचारलं की मीठ आपल्याकडं मिळत नाही का.

मामाजी खाली उतरले. त्यांनी बाजेचा अडकलेला पाय पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "टायरची हवा काढ."

नवऱ्यानं काढली. जीप जराशी बसली आणि बाज सुटली. पुलापलीकडं पंक्चरच्या दुकानापर्यंत आम्ही बसक्या टायरांवर हळूहळू गेलो. तिथं हवा भरता भरता सगळं सामान उतरवून पुन्हा बांधलं, आणि तेव्हा आम्हाला कॅरिअर भरायचं कसं ते कळलं. जड पेटी आणि पाणी मध्यभागी, खाली. त्यावर बाज सुलटी, म्हणजे तिचे चारही पाय कॅरिअरच्या कोपऱ्यांत खाली टेकले आणि सामान बाजेच्या पोटाखाली गेलं. उंची कमी झाली, काही हलेना, आणि बाजेचे पाय चार कोपऱ्यांच्या पाइपांना करकचून बांधता आले. नवरा चार पावलं मागं जाऊन ते बघत राहिला. व्हिडिओतल्या पोराच्या गाडीपेक्षा आपलं मजबूत आहे, असं तो म्हणाला.

मालेगावजवळ समृद्धी महामार्गाला लागलो. रस्ता मोठा, सरळ, मोकळा. नवऱ्यानं वेग वाढवला आणि टपावरून शिट्टी सुरू झाली. बारीक नाही, चांगली खणखणीत, एखाद्यानं बाटलीच्या तोंडावर फुंकर धरून ठेवावी तशी. वेग वाढला की सूर चढायचा, कमी केला की उतरायचा. नवरा म्हणाला इंजिनातून येत आहे. थांबून इंजिन पाहिलं. मग म्हणाला टायरमधून. टायर पाहिले. गाडी थांबली की शिट्टी थांबायची, त्यामुळं उभ्या गाडीत काहीच सापडत नव्हतं. मामाजी मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. त्यांना ती शिट्टी त्रास देत नव्हती. वाजंत्री बसल्यासारखं वाटतं, म्हणाले. मला मात्र नाशिकपर्यंत डोकं धरून बसावं लागलं. ढाब्यावर उतरलं तरी कानात ती वाजत होती.

ती गेली ते निव्वळ अपघातानं. सापुताऱ्याच्या अलीकडं सकाळी एका विहिरीवर मी अंघोळ केली आणि ओला टॉवेल वाळायला कॅरिअरच्या पुढच्या पाइपाला दोन वेढे देऊन बांधला. निघालो, घाट चढलो, घाट उतरलो. गुजरातेत शिरून बरंच अंतर गेल्यावर नवरा म्हणाला की आज काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आहे. मलाही वाटत होतं. शिट्टी नव्हती. दुपारी टॉवेल वाळला म्हणून मी सोडून घेतला, आणि लगेच वाजंत्री सुरू. गाडी थांबवून टॉवेल पुन्हा बांधला, बंद. वारा त्या गोल पाइपावरून गुळगुळीत वाहत होता म्हणून वाजत होता, वेढ्यांनी तो फाटत होता. एवढी अक्कल आली, पण तो माझा एकुलता एक टॉवेल होता. पुढचा सगळा प्रवास मी साडीच्या पदराला तोंड पुसलं.

बाजेचा खरा उपयोग रात्रीच्या मुक्कामाला व्हायचा. पेट्रोल पंपाच्या मागं किंवा ढाब्याच्या अंगणात जागा विचारून आम्ही जीप लावायचो, बाज उतरवायचो. मामाजी तिच्यावर, आम्ही दोघं जीपमध्ये. ढाबेवाले आधी हसायचे. मग त्यांच्यातलं कोणीतरी म्हातारं माणूस येऊन बाजेची वीण हातानं चाचपायचं आणि मामाजींशी बोलत बसायचं. मामाजींना गुजराती येत नाही आणि हिंदी त्यांची त्यांनाच कळते, तरी सुतळी, दोर आणि पाठदुखी यांच्यावर त्यांचं छान चालायचं. नवऱ्यानं आणलेल्या कुठल्याच वस्तूची एवढी चौकशी झाली नाही.

भुजच्या पुढं, रणाच्या अलीकडं गवताळ मुलूख आहे. तिथं एका चहाच्या टपरीजवळ आम्ही तिसऱ्या प्रहरी पोचलो. टपरीवाला मोठ्या मनाचा माणूस. इथंच राहा म्हणाला, शेगडी पेटवायला आडोसा दाखवला. मोकळ्या जागी बाज टाकली आणि मामाजी पाठ टेकवून आडवे झाले. ऊन उतरत होतं तेव्हा धूळ दिसायला लागली. त्या भागात म्हशी संध्याकाळी चरायला सोडतात आणि सकाळी आपल्या आपण परत येतात, हे टपरीवाल्यानं नंतर सांगितलं. मोठाल्या, वळलेल्या शिंगांच्या म्हशी, मोजता न येण्याइतक्या, आणि त्यांची नेहमीची वाट नेमकी बाजेच्या अंगावरून जात होती.

मामाजी उठून बसले, पण उतरायला जागा राहिली नव्हती. म्हशींना घाई नव्हती. त्या बाजेला दोन्ही बाजूंनी वळसा घालून निवांत चालल्या होत्या. एकीनं थांबून बाजेच्या माथ्याच्या बाजूच्या पायावर मान घासली. बाज हातभर सरकली. दुसरीनं तसंच पायथ्याशी केलं, बाज परत आली. मामाजी मधोमध मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. नवरा जीपच्या बॉनेटवर चढून "बाबा, हलू नका" एवढंच सांगत होता. शेवटची म्हैस गेल्यावर मामाजींनी धोतर झटकलं आणि म्हशींच्या कासेची तारीफ केली. मग म्हणाले, "आता मले वर टाका."

आधी आम्हाला कळलंच नाही. ते टपाकडं बोट दाखवत होते. बाज कॅरिअरवर पुन्हा चढवायची, पाय चार कोपऱ्यांना बांधायचे, आणि ते तिच्यावर झोपणार. नवऱ्याला टपाची काळजी, मला त्यांची. त्यांनी दोघांनाही उडवून लावलं. वावरात रानडुकरं राखायला मचाणावर झोपत आलो, ही त्याच्यापेक्षा मजबूत आहे, असं त्यांनी म्हटलं, आणि मजबूत हा शब्द ऐकून नवरा विरघळला. सामान खाली उतरवलं, बाज वर बांधली. मामाजी आधी बॉनेटवर आणि तिथून वर गेले, चादर ओढून घेतली, आणि थंडीसाठी आमच्या कानटोप्या, पाण्याची बाटली असं एकेक वर मागत राहिले. जीपच्या आत पडल्यावर ते कूस बदलले की आम्हाला झुला मिळत होता.

सकाळी त्यांची पाठ धरेल असं मला वाटलं होतं. ते आमच्या आधी उठून वर बसले होते आणि टपरीवाल्यानं त्यांना चहा वरच नेऊन दिला होता. दोन गाड्यांतले पर्यटक खाली उभे राहून त्यांचे फोटो काढत होते.

मग आम्ही रण पाहिलं. गाड्या लावायची जागा असते, तिथून पायी. मामाजींनी मिठाच्या काठाशी चप्पल काढली. वावरात शिरताना ते नेहमीच काढतात. अनवाणी ते बरेच आत चालत गेले, आम्ही मागून. एका जागी बसून त्यांनी टाचेनं मिठाचा पापुद्रा फोडला, खालची काळी ओल बोटानं उकरली, वास घेतला, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. पांढऱ्या मैदानात त्यांचं पागोटं तेवढं लाल दिसत होतं. मी विचारलं, कसं वाटलं?

ते चारी बाजूंनी नजर फिरवत म्हणाले, "बरं झालं पोरी, हे कोनाच्या हिश्शाले आलं नाई."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पन निंदन नाई, फवारनी नाई. पाहा, कसं निवांत पडून हाय." आणि हसले. एवढ्या लांब येऊन ते त्या जमिनीसाठी हळहळले की तिचा हेवा करून आले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मिठाची एक पुडी त्यांनी बंडीच्या खिशात ठेवली होती. घरी आल्यावर ती त्यांनी गोठ्यातल्या बैलांना चाटायला दिली.

वस्तीवर पोचल्यावर नवरा दोर सोडायला चढला, तर मामाजींनी त्याला थांबवलं. बाज वरच राहू दे म्हणाले. तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की ते जीपवर चढतात. वारा लागतो, मुंग्या नाहीत, आणि पुऱ्या शिवाराचा हरभरा दिसतो. पहिल्याच आठवड्यात त्यांना वरून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शिरताना दिसला. त्यांनी वरूनच आरोळी दिली आणि शेजाऱ्याचं पीक वाचलं. आता तो शेजारी दुपारी येऊन जीप जागेवर आहे ना ते पाहून जातो, आणि नसली तर नाराज होतो. बाजाराच्या दिवशी माझा नवरा सांबाराच्या जुड्या बांधून जीपशेजारी उभा असतो, मामाजींची झोप होण्याची वाट पाहत. हाक मारायची त्याची हिंमत होत नाही. फार उशीर व्हायला लागला तर तो जुड्या मोटरसायकलवर लादतो आणि जातो.